इंचभर उंचीची फौज

माझ्याकडच्या शिपायांच्या बंदुका खऱ्या प्रमाणापेक्षा जाड आहेत. माणूस इंचभर उंचीचा केला, तर त्याच्या रायफलीची नळी केसाइतकी बारीक व्हायला हवी. तशी ती केली तर ओतताना साच्यात भरत नाही, भरली तर हाताळताना मोडते, आणि मोडली नाही तरी टेबलापलीकडे बसलेल्याला दिसत नाही. म्हणून असे शिपाई घडवणारे सगळेच एक तडजोड करतात: हत्यार मोठं करायचं, ते धरणारे पंजे मोठे करायचे, डोकं किंचित मोठं ठेवायचं आणि उरलेला माणूस त्यात बसवायचा. मला हे कळायला बरेच महिने लागले होते. बाबांनी मात्र पहिलाच शिपाई हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवून तो डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, "याची बंदूक याच्याहून मोठी काऊन हाय?"

मी दुसऱ्या महायुद्धातलं पायदळ जमवते. रणगाडे, विमानं, जहाजं यांत मला रस नाही. मला तो माणूस हवा असतो, जो सगळं सामान पाठीवर घेऊन चालत जातो; आणि त्यातही आपल्याकडून ब्रह्मदेशाच्या जंगलात आणि इटलीच्या डोंगरांत गेलेल्या तुकड्या. हे शिपाई धातूचे, प्लास्टिकचे किंवा रेझिनचे असतात आणि रंगाविना येतात. ते धुवायचे, सांध्यांवरचा जास्तीचा भाग कानशीने घासायचा, अस्तराचा रंग द्यायचा आणि मग गणवेश, पट्टे, बूट अशा क्रमाने चेहऱ्यापर्यंत यायचं. चेहऱ्याचा म्हणून जो रंग बाजारात मिळतो तो गुलाबी असतो. आपल्या माणसांसाठी मला तपकिरी रंगांचं मिश्रण स्वतः करावं लागलं, आणि आमच्या नालवाडीतल्या मे महिन्यात ते मिश्रण ब्रशवरच वाळायचं. आई एकदा माझ्या मागे उभी राहून एका हवालदाराचा चेहरा बराच वेळ न्याहाळत होती.

"हा तं बिलकुल आर्वीच्या मामासारका दिसते वं," ती म्हणाली. "तसंच नाक. मामाले फोन करून सांगतो, बाप्पा, तुमाले फौजेत भरती केलं म्हनून."

चुकलेला रंग काढायला शुद्ध अल्कोहोल लागतं. ते पार्सलने येतं आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत तसं लिहिलेलं असतं. आमचा जिल्हा दारूबंदीचा. पार्सल घेऊन येणारा माणूस तो डबा आईच्या हातात देताना नजरेला नजर देत नसे. आई त्याला दर वेळी सांगायची, "पोरगी शिपायायले आंघोळ घालते यानं." तो "हो, काकू" म्हणायचा, आणि त्याचा अर्थातच विश्वास बसायचा नाही.

या छंदाची सुरुवात पुण्यात, पदार्थविज्ञानाचं पदव्युत्तर शिक्षण घेताना झाली. रविवारी काही जण एका सभागृहात मोठ्या टेबलांवर हे शिपाई मांडून लढाया खेळत. शिपाई किती अंतर चालेल, हे टेपने मोजायचं. गोळी लागली की नाही, हे फासे टाकून ठरवायचं. मी तिथे गेले तेव्हा मी रंगवायला आले आहे, असं सर्वांनी गृहीत धरलं. मी एका कोपऱ्यात बसून नियम वाचले, कोणत्या हत्याराची कोणत्या अंतरावर काय संभाव्यता आहे याचा तक्ता मनाशी तयार केला आणि तिसऱ्या रविवारपासून जिंकू लागले. जिंकणं मला आवडतं. ते लपवण्याची गरज मला कधी वाटली नाही. पण जिंकण्याहून मला हत्यारांतच अधिक रस वाटू लागला. सतत झाडल्यावर नळी तापते तेव्हा पोलादाचं काय होतं? स्प्रिंग कशाने थकते? या प्रश्नांमागे जाता जाता मी धातूंच्या भंगाचा, म्हणजे धातू कसे आणि कुठून फुटतात याचा, अभ्यास करू लागले आणि त्यातच पीएचडी केली. माझ्या यशाचा मागोवा घेतला तर तो या शिपायांपर्यंत जातो.

हे सगळे शिपाई आमच्या घरात काचेच्या कपाटात, माझ्या शाळेतल्या ढालींशेजारी उभे होते. घर कोणतं, हे सांगायला हवं. बाबांचं बालपण पवनारला, आश्रमाच्या हाकेच्या अंतरावर गेलं. ते निवृत्त विज्ञानशिक्षक. आजही खादी वापरतात आणि सकाळी सूत काततात. आमच्याकडे दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल कधी आलं नाही. शेजारच्या पोरांनी आणलं तर बाबा त्यांना टिकलीतली रसायनं समजावून सांगत आणि पोरं कंटाळून निघून जात. मी शिपाई घरी आणले तेव्हा त्यांनी मनाई केली नाही. मनाई हा शब्द त्यांच्या वापरातच नव्हता. त्यांनी फक्त तो बंदुकीविषयीचा प्रश्न विचारला आणि माझं उत्तर नीट ऐकून घेतलं.

मग मला नोकरी मिळाली. नागपूरच्या बाजूला, जिल्ह्याची हद्द ओलांडली की थोड्या अंतरावर दारूगोळा तयार करणारा एक कारखाना आहे. त्याच्या संशोधन विभागात. तोफगोळ्याचं पोलादी कवच फुटतं तेव्हा त्याचे तुकडे कसे व्हावेत, यावर काम करायचं होतं. माझ्या विषयाशी याहून थेट जुळणारं काम देशात फार थोड्या ठिकाणी होतं. मुलाखतीत मला जे प्रश्न विचारले गेले, ते मी स्वतःला आधीच विचारून झालेले होते. निवड कळली त्या संध्याकाळी मी घरी आले आणि जेवताना सांगितलं.

आईने हातातली पोळी खाली ठेवून माझ्या गालावरून हात फिरवला. बाबांनी विचारलं, "कवच फुटते, ते समजलं. पण त्याचे तुकडे केवढे पायजेत?"

"कामावर अवलंबून आहे, बाबा."

"कोणत्या कामावर?"

बाबा विज्ञानाचे शिक्षक होते. त्यांना गोलमोल उत्तर देणं म्हणजे त्यांचा अपमान करणं, असं मी समजत आले होते. मी सांगितलं, "गाड्यांसाठी मोठे. माणसांसाठी बारीक, अन् पुष्कळ."

त्यांनी ताटातला भात संपवला. ते ताटात काही टाकत नाहीत. हात धुऊन परत आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "तू मोठी झाली. तुया निर्णय तू घे. पण एक सांगून ठेवतो. त्या कामाच्या घरी मी पाय ठेवणार नाई. तू इथी येजो, कधीही येजो. मी तिथी येणार नाई."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच मला ते खरं वाटलं. बाबांनी एकदा ठरवलेली गोष्ट मोडल्याचं मला आठवत नाही. कारखान्याच्या वसाहतीत मला घर मिळणार होतं, आणि त्या घराची मी आधीच मनात मांडणी करून टाकली होती: पूर्वेच्या खोलीत चरख्यासाठी जागा, बाबांच्या गुडघ्यांसाठी तळमजला. आता त्या मांडणीतून त्यांना वजा करायचं होतं. रुजू व्हायला पोळ्यानंतर काही आठवड्यांचा अवधी होता. तेवढ्यात त्यांचं मन वळवायचं, हे मी ठरवलं; आणि ठरवलं की मी पद्धतशीरपणे करते.

माझी मांडणी अशी होती. बाबा हत्याराला घाबरत नाहीत, ते हत्याराच्या कल्पनेला घाबरतात. ती कल्पना मोजमापात आणली, अंतर, वेग, संभाव्यता अशी सुटी करून दाखवली, तर त्यांच्यातला शिक्षक जागा होईल आणि आश्रमाजवळ वाढलेला मुलगा मागे राहील. त्यासाठी माझ्याकडे साधन तयार होतं. मी त्यांना माझ्याबरोबर एक लढाई खेळायला सांगितलं.

"लढाई?" ते म्हणाले.

"नुसते खेळणे आहेत, बाबा."

"तान्ह्या पोळ्याले आपण लाकडाचा बैल पूजतो. त्याले खेळणं म्हनते का कोणी?"

पोळ्याला खरे बैल सजतात आणि दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आमच्या भागात पोरं लाकडी बैल सजवून घरोघर नेतात. चाकांवरचा तो बैल वीतभर असो की हातभर, त्याला हळदकुंकू लागतं, त्याच्यापुढे नैवेद्य ठेवला जातो आणि पोराच्या हातावर खाऊ किंवा पैसे पडतात. लाकूड आहे, हे सगळ्यांना माहीत असतं, तरी त्याला पाय लागला तर पोरंसुद्धा नमस्कार करतात. बाबांनी शाळेत असे कितीतरी बैल मुलांकडून घडवून घेतले होते. लहान करून केलेली वस्तू म्हणजे मोठ्या वस्तूची थट्टा, असं ते मानत नव्हते.

तरीही ते खेळायला तयार झाले. नियमांचं पुस्तक त्यांनी मागून घेतलं आणि अंगणात खुर्ची टाकून, जसं ते प्रश्नपत्रिका काढण्याआधी पाठ्यपुस्तक वाचत, तसं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मला वाटलं, माझी मांडणी बरोबर चालली आहे.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आदल्या रात्रीपासूनच जेवणाच्या टेबलावर रणभूमी तयार होती. पुस्तकांच्या ढिगांवर हिरवी चादर अंथरून टेकड्या केल्या होत्या. एका टोकाला दगडी भिंत, तिच्यामागे मशीनगनसह माझी तुकडी. दुसऱ्या टोकाला बाबांची दहा माणसं. सकाळी अंघोळ करून मी बाहेरच्या खोलीत आले आणि जागीच थांबले. बाबांच्या दहाही शिपायांच्या छात्या लाल झाल्या होत्या.

आईने देवघरातल्या लाकडी बैलाची पूजा केली होती, आणि हातात ताट होतंच, म्हणून टेबलावरच्या शिपायांनाही हळदकुंकू वाहिलं होतं. इंचभर उंचीच्या माणसाच्या कपाळाला बोट कसं लागणार? तिच्या अनामिकेने कपाळ, चेहरा आणि छाती एकदमच भरली होती. ओलं कुंकू त्या मऊ, चकाकी नसलेल्या रंगात उतरलं होतं आणि पट्ट्यांच्या खाचांतून खाली ओघळलं होतं. एकेका चेहऱ्यावर मी कितीतरी संध्याकाळी घालवल्या होत्या.

"आई! हे काय करून राह्यली तू?"

"काय झालं वं?" ती स्वयंपाकघरातून आली. "आजच्या दिवशी जे उभं हाय त्याले लावाव लागते. दसऱ्याले नाई का, पाना-पकड बी पूजतो आपन. तू त्याच कामाले चालली, म्हून म्हटलं तुया मानसायलेही लावून देवाव. देव पाठीशी राह्यला पायजे."

"मग माझ्या बाजूचे काऊन सोडले?"

"ताटातलं कुंकू सरलं," आई म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. त्या घरात माझ्या नोकरीला आशीर्वाद देणारी ती एकटीच होती, आणि मी तिच्यावर ओरडले होते. मी अल्कोहोलचा डबा आणायला वळले, तेवढ्यात बाबा आत आले. त्यांनी टेबलाकडे पाहिलं.

"राहू दे," ते म्हणाले. "यायलेच घेऊन खेळतो मी."

दुपारपर्यंत पोरांची रांग चालू होती. गोंडे, झुली, फुगे लावलेले लाकडी बैल ओट्यावर येत, आई त्यांना ओवाळी आणि पोरं दारातून टेबलाकडे माना लांब करून बघत.

"फौजी हायेत बे!"

"ताई, तुमचा बैल कुठी हाय?"

"आमचा बैल आत जेवून राह्यला," आईने बाबांच्या खोलीकडे बोट दाखवत सांगितलं, आणि पोरं खिदळत पळाली. त्या दिवसातलं हसणं तेवढंच.

जेवणं झाल्यावर आम्ही बसलो. पहिल्या फेरीत बाबांनी आपल्या सर्व माणसांना उघड्या मैदानातून सरळ पुढे आणलं. गोळी न झाडता धावणाऱ्या तुकडीला दुप्पट अंतर मिळतं. पुस्तक नीट वाचलेल्या माणसाचीच ही चाल होती. मी तसं म्हणालेही. माझ्या मशीनगनने त्यांचे दोन शिपाई पाडले. मी ते उचलून डब्यात ठेवणार, तोच बाबांनी माझा हात थांबवला आणि दोघांना जिथे पडले तिथेच, चेहरा वर करून, आडवं ठेवलं.

दुसऱ्या फेरीत ते पुन्हा पुढे आले.

"आता झाडा, बाबा. अंतर पुरतं आहे. तुमच्याकडे चांगली संधी आहे."

"नाई."

"मग आडोशाला तरी जा. ही टेकडी कशाला ठेवली?"

"नाई. समोरून जाईन."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. ते खेळत नव्हते, किंवा त्यांचा खेळ वेगळा होता. मला राग आला आणि त्याच वेळी एक थंड कुतूहलही वाटलं: नियम याचं काय करतात? जिच्यावर गोळीबार होतो त्या तुकडीच्या धीराची कसोटी आमच्या खेळात असते. फासे वाईट पडले तर ती मागे पळते. बाबा प्रत्येक वेळी ते फासे प्रामाणिकपणे टाकत होते, आणि त्यांची तुकडी टिकून राहत होती. पण जो गोळीबार करतो त्याच्या धीराची कसोटी कुठेच नव्हती. समोरचा झाडत नसला, नुसता चालत येत असला, तरी माझा मशीनगनवाला तितक्याच अचूकपणे झाडत राहील, असं त्या नियमांनी न लिहिताच गृहीत धरलं होतं. इतकी वर्षं हे नियम मला तोंडपाठ होते आणि ही जागा मला कधी रिकामी दिसली नव्हती. तिथे एक नियम लिहिता आला असता. पण त्यात आकडा कोणता टाकायचा? कितव्या माणसानंतर, किती अंतरावर हात थांबेल? मला सुचेना, आणि आकडा सुचत नाही म्हणजे प्रश्नच मला समजलेला नाही, असं माझं शिक्षण मला सांगत होतं.

शेवटी दोन शिपाई भिंतीपासून वीतभर अंतरावर येऊन उभे राहिले. कुंकवाने त्यांचे चेहरे ओळखू येत नव्हते. त्यांच्यामागे टेबलभर बाकीचे आडवे होते.

"थांबायचं का?" मी विचारलं.

"नियम काय म्हनते?"

"माझी फेरी आहे म्हणतो."

"मग टाक."

मी फासे टाकले. एवढ्या जवळून चुकण्याची शक्यता फार कमी होती, आणि नेम चुकला नाही. बाबांनी त्या दोघांनाही आडवं केलं आणि खुर्चीत मागे टेकले. त्यांच्या चेहऱ्यावर मला समाधान दिसलं. फळ्यावरचं गणित शेवटच्या ओळीला बरोबर सुटल्यावर दिसायचं, तसं. त्यांना जे दाखवायचं होतं ते त्यांनी दाखवलं होतं, माझ्याच हातून. ते समाधान मला सहन झालं नाही.

"बाबा, ह्या दहा माणसांना तुम्ही विचारलं होतं का?"

"काय?"

"चालत जाऊन मरायचं, हे त्यांनी ठरवलं का तुम्ही? ज्याला मरायला उभं राहायचं आहे त्यानं ते स्वतः ठरवावं लागतं, दुसऱ्याला तसं उभं करता येत नाही, हे मला कोणी शिकवलं? तुम्हीच नं? त्यांच्या हातात बंदुका होत्या, आडोसा होता. तुम्ही त्यांना मैदानातून नेलं, कारण तुम्हाला मला काहीतरी सांगायचं होतं. माझ्या माणसांनी तुमची माणसं मारली हे खरं. पण एवढी स्वस्त तर मीसुद्धा कोणाला खर्च करत नाही."

बाबांचा हात टेबलावर होता, तो त्यांनी काढून मांडीवर ठेवला. ते समाधान त्यांच्या चेहऱ्यावरून गेलं आणि त्याच्या जागी दुसरं काहीच आलं नाही.

आई दारात उभी होती. "दोघायनं मिळून मारले नं? झालं आता," ती म्हणाली. "टेबल खाली करा. मले पानं वाढाचे हाय, पावने येऊन राह्यले."

शिपाई मीच उचलले. त्यानंतर बाबा घरात पूर्वीसारखेच वावरत होते, सूत कातत होते, वर्तमानपत्र वाचत होते. पण माझ्याशी बोलताना वाक्य अर्ध्यात सोडून देत. मी भांडण जिंकलं होतं, हे मला ठाऊक होतं. त्याचा उपयोग काय करायचा, ते समजत नव्हतं. दिवस मात्र कमी होत चालले होते आणि त्यांची अट जिथल्या तिथे होती.

एका सकाळी ते म्हणाले, "पवनारले जाऊन येऊ." आम्ही बसने गेलो. धाम नदीला पाणी भरपूर होतं, गढूळ, खडकांना वळसे घालत जाणारं. लहानपणी ते जिथे पोहायला शिकले त्या बाजूच्या दगडावर आम्ही बसलो.

"तू बोलली ते बरोबर होतं," ते म्हणाले. "त्यायले मी इचारलं नव्हतं."

"बाबा, ते रागात..."

"ऐक. मंग मी इचार केला, आणखी कोणाले नाई इचारलं मी? तुले. तुया घरी येणार नाई म्हनलो. ते काऊन म्हनलो? तुले दुखावं म्हून. तुले दुखलं की तू ऐकशील म्हून. तोही जोरच होते बेटा. हातात काही नसलं तरी जोरच होते." त्यांनी एक काडी पाण्यात टाकली. "ते मी परत घेतो. मी येईन तुया घरी. आईसंगं येईन. पण मले ते काम पटलं, असं समजू नको. ते मले मरेपर्यंत पटनार नाई."

मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. प्रत्यक्षात असं झालं की, ज्या भिंतीला मी इतके दिवस खांदा लावून रेटत होते ती कोणीतरी अलगद बाजूला केली, आणि माझा तोल माझ्याच जोराने गेला. जोवर बाबा अडवत होते, तोवर मला एवढंच सिद्ध करायचं होतं की त्यांनी अडवू नये. हे काम करावं की नाही, हा प्रश्न मी स्वतःला एकदाही विचारलेला नव्हता. अडवणारा माणूस असला की तो विचारावाच लागत नाही. परतीच्या बसमध्ये मी तो विचारायला सुरुवात केली. नालवाडीच्या थांब्यावर उतरलो तेव्हा माझ्याकडे दोन्ही बाजूंचे मुद्दे होते, आणि त्यांचं वजन करायला काटा नव्हता.

मी रुजू झाले. हे मी कोणाच्या दबावाखाली केलं, असं मला म्हणता येत नाही. देशाच्या सीमा आहेत, शेजारी आहेत, मी हे काम केलं नाही तर माझ्याहून कमी समजणारा कोणीतरी ते करेल. हे सगळे मुद्दे खरे आहेत आणि मी ते आजही कोणापुढेही मांडू शकेन. पण मी रुजू झाले ते मुख्यतः मला ते काम उत्तम येतं म्हणून. पोलाद कुठून फुटेल हे आधी सांगता येणं आणि ते तिथूनच फुटताना पाहणं, याच्या आनंदाची तुलना मला दुसऱ्या कशाशी करता येत नाही. शिपाई मी बरोबर आणले. कुंकू लागलेल्या दहांना अल्कोहोलमध्ये भिजवून खरवडलं आणि नव्याने रंगवलं. खराब झालेली वस्तू तशीच ठेवणं माझ्या स्वभावात नाही. खेळ मात्र त्यानंतर मांडलेला नाही.

बाबा शब्दाप्रमाणे आले. दिवाळीनंतर आईबरोबर, पिशवीत पेटीचरखा घेऊन. वसाहतीच्या फाटकावर त्यांनी नाव सांगितलं, पहारेकऱ्याने बंदूक खांद्यावर सरकवून त्यांना आत सोडलं, आणि ते माझ्या घरात पाय धुऊन शिरले. पूर्वेच्या खोलीत बसले, चहा घेतला, खिडकी चांगली आहे म्हणाले. आई स्वयंपाकघरातल्या डब्यांची झाकणं उघडून बघत होती. मग मी शाळेतून आल्यावर ते जसं विचारायचे, अगदी तशाच आवाजात त्यांनी विचारलं, "मंग, आज काय केलं?"

त्या दिवशी आमची एक चाचणी यशस्वी झाली होती. तुकडे आम्हाला हवे तेवढेच बारीक झाले होते, आणि त्यांची विभागणी मी कागदावर काढलेल्या वक्राला जवळपास चिकटून आली होती. विभागात सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं होतं. गोपनीयतेचा नियम होता, हे खरं. पण तो नियम मला त्या क्षणी आठवला नव्हता. तो मी नंतर स्वतःला सांगायला शोधला.

"काही विशेष नाही, बाबा," मी म्हणाले. "बैठका होत्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर अपुरं असलं की उलट विचारल्यावाचून राहायचं नाही, ही त्यांची जन्माची सवय. त्यांनी कप खाली ठेवला, "बरं," म्हणाले, आणि पेटीचरखा उघडायला घेतला. त्यानंतर ते पुष्कळदा येऊन गेले. दर वेळी ते विचारतात, आणि दर वेळी मी बैठका होत्या म्हणून सांगते.